पत्र्यावरचा कायदा

माझ्या डाव्या भुवईच्या वर, केसांच्या सुरुवातीला, सात टाक्यांची खूण आहे. ती मला कायद्याने पडली. गंमत करत नाही. राज्याच्या विधिमंडळाने केलेला एक कायदा लोखंडी पत्र्यावर रंगवून आमच्या दवाखान्यात टांगला होता. त्या पत्र्याच्या कोपऱ्याने माझं कपाळ फुटलं. आणि कायदा होता तो माझ्यासारख्यांचं कपाळ कोणी फोडू नये म्हणून.

मी नर्स आहे. पूर्णा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात तेव्हा नोकरीला होते. गावाचं नाव सांगणार नाही, ताडकळसच्या बाजाराला जाणारी एसटी दारावरून जायची एवढं पुरे. नोकरी कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग मध्ये एक दिवस खाडा, मग पुन्हा अकरा महिने. त्या खाड्याच्या दिवशीही मी जायचेच, कारण बाळंतपणं ऑर्डर बघून होत नाहीत.

तो पत्रा ओपीडीच्या दाराशेजारी दोन खिळ्यांवर होता. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. दवाखान्यात डॉक्टरवर, कर्मचाऱ्यांवर हात उचलणं हा अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि खाली कायद्याचं लांबलचक नाव आणि क्रमांक. त्याच्याखाली बाकडं होतं. बाया तिथे बसून पोरांना पाजायच्या, म्हातारे तंबाखू मळायचे. चार वर्षांत तो पत्रा शेवटपर्यंत वाचलेला माणूस मी पाहिला नाही. मी स्वतःही वाचला नव्हता.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. सकाळी अकराच्या सुमाराला एक टेम्पो आवारात घुसला. मागे सात-आठ माणसं आणि त्यांच्या मांडीवर एक चाळिशीचा गडी. सोयाबीनच्या ढिगात हात घातला आणि साप डसला. बरोबर त्याचा धाकटा भाऊ होता, पस्तिशीचा, दांडगा, घरी ट्रॅक्टर आणि बारमाही पाण्याची जमीन. मी विचारलं, किती वेळ झाला चावून?

"आत्ताच, शिष्टर. आत्ताच डसलं. डायरेक इकडंच आणलं."

मी जखमीचं तोंड उघडून पाहिलं. दातांत कडुलिंबाचा पाला अडकलेला होता. आमच्याकडे साप चावला की माणसाला आधी मारुतीच्या देवळात नेऊन बसवतात. कडुलिंब खायला देतात. पाला कडू लागला तर विष चढलेलं नाही, गोड लागला तर चढलं. पाला गोड लागेपर्यंत बसवून ठेवायचं, असा तो प्रकार. पापण्या मिटत चालल्या होत्या, मान धरत नव्हती. 'आत्ताच' म्हणजे कमीत कमी दोन तास. पण डॉक्टरांनी केसपेपरवर नातेवाइकांनी सांगितलेली वेळ लिहिली.

डॉक्टर नवीन होते, कॉलेजातून थेट आमच्याकडे आलेले. त्यांनी काही कमी केलं नाही, हे मी कोणासमोरही सांगेन. विषावरची लस दिली, सलाईन लावलं, परभणीहून अॅम्ब्युलन्स बोलावली. श्वास थांबायला लागला तसा मी तोंडावर मास्क धरून फुगा दाबत बसले. दाबायचा, सोडायचा. माझी बोटं वाकडी झाली तरी सोडला नाही. अॅम्ब्युलन्स फाटकात आली आणि डॉक्टरांनी त्याच्या मानेवरची नाडी सोडून माझ्याकडे पाहिलं. मी तरीही फुगा दाबतच होते.

मग धाकटा भाऊ किंचाळला, "मारलं रे! माझ्या भावाला मारलं यांनी!"

पुढचं सगळं फार तर पाच मिनिटांत झालं. पहिल्यांदा सलाईनचा स्टँड कपाटाच्या काचेवर बसला. डॉक्टर औषधांच्या खोलीत पळाले आणि त्यांनी आतून कडी लावली. कडीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मला अजून त्या आवाजाचा राग येतो. धाकट्या भावाने माझा अंबाडा धरून मला व्हरांड्यात ओढलं. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले, तोंडात रक्ताची चव आली. त्याने हात सोडवला, भिंतीवरचा पत्रा खिळ्यांसकट उपटला आणि दोन्ही हातांनी हाणला. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कपाळावर. मी खाली पडले तेव्हा कोणाच्या तरी बुटाने बरगडीत लाथ घातली, आणि एका बाईने, जिच्या सुनेचं बाळंतपण मी केलं होतं, माझ्या पाठीत दगड घातला. "सोडू नका हिला, हिनंच इंजेक्शन दिलं!" असं ती ओरडत होती. डोळ्यांत रक्त उतरल्यामुळे मला फक्त पाय दिसत होते. चपला, बूट, अनवाणी पाय, सगळे माझ्याकडेच येत होते.

अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवत गाडी थेट व्हरांड्यापर्यंत आणली म्हणून मी वाचले. जमाव पांगला. नंतर डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनीच मला टाके घातले. सुई दोनदा चुकीच्या जागी गेली.

"नीट धरा हात," मी म्हणाले. "माझं कपाळ आहे, गोधडी नाही."

ते रडायला लागले. मला त्यांची दया आली नाही.

जमादार दुपारी आले. पोटाचा घेर मोठा, स्वभाव वाईट नाही. त्यांनी पंचनामा केला, पंचांच्या सह्या घेतल्या, रक्त लागलेला पत्रा कापडात गुंडाळला, वर लाखेचं सील लावलं. तो मुद्देमाल झाला. मग माझा जबाब लिहायला बसले.

"शिष्टर, कायदा कोणता लावायचा ते सांगा. आमच्या कंपुटरात तसा कायदा दिसंना गेलाय."

"बोर्डावर लिहिलाय की. नंबरासकट."

त्यांनी कापडाच्या गुंडाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बोर्ड तं सील झाला. आता कोर्टाच्या हुकुमाबिगर उघडता येत न्हाई."

"तुम्ही सील लावताना वाचला नाही?"

"तुमी चार वर्षं त्याच्याखालून जायलात. तुमी वाचला का?"

मी म्हणाले, मग सरकारी नोकराला मारल्याचं कलम लावा. ते मान हलवायला लागले. "तुमी तं कंत्राटी. सरकारी नोकर कशा झाल्या? उद्या त्यांचा वकील हेच इचारंल." म्हणजे जो सरकारी होता तो कडी लावून आत होता, आणि मार बाहेरच्या कंत्राटी बाईला बसला होता. कागदावर मला धरून ठेवणारा एकच कायदा होता. तो डॉक्टर, नर्स, सगळ्यांचा होता, कंत्राटी-बिंत्राटी बघत नव्हता. तो लागला तर हा माणूस आत जाणार होता. नाही लागला तर चार थपडांच्या भांडणाएवढी माझी किंमत. मला तो आत गेलेला बघायचा होता, तीन वर्षं नाही तरी तीन महिने. दुसरं मला काहीच नको होतं.

शेवटी जमादारांनी मोबाइल काढला. शोधलं, सापडलं. तेच लांबलचक नाव, इंग्रजीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक अक्षर टिपून घेतलं. मी सही केली. माझा डावा डोळा सुजून बंद झाला होता.

टिपताना झालेली चूक कळली जामिनाच्या दिवशी. जमादारांनी टिपलेला कायदा शेजारच्या राज्याचा होता. नाव जवळजवळ सारखंच, विधानसभा दुसरी. आरोपीचे वकील उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या अशिलाने हा कायदा मोडलेलाच नाही, कारण हा कायदा या राज्यात लागूच नाही. मागच्या बाकावर कोणीतरी खिदळलं. राहिलं साध्या मारहाणीचं कलम. त्यावर जामीन मिळाला. तो संध्याकाळच्या आत गावात पोचला आणि त्याच्या लोकांनी फटाके फोडले. घरात भाऊ मेल्याचं सुतक असताना.

मी जमादारांना जाऊन भेटले. ओरडलेच. त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला.

"शिष्टर, पहिले आपन तिकडंच होतो की. निजामाच्या टायमाला. जरा इकडचं तिकडं झालं."

"कपाळ माझं फुटलंय, जमादार."

"दुरुस्तीचा कागद पाठवलाय मी. टाइम लागंल. कायदा काय पळून जायलाय का?"

दुरुस्तीचा कागद वरून खाली आणि खालून वर फिरत राहिला. त्याच दिवसांत एक आमदार दवाखान्यात आले. आमच्या भागातले नव्हते, दुसऱ्या जिल्ह्यातले, आता माजी झालेले. जवळच्या गावात लेकीच्या सासरी आले होते आणि छातीत धडधडायला लागलं म्हणून घाबरून आले. मी त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. डोक्याला माझ्या अजून बँडेज होतं. त्यांनी काय झालं विचारलं, मी सांगितलं. मग मीही विचारलं, कारण असा माणूस माझ्या हाताखाली बसायची वेळ पुन्हा कधी येणार होती?

"साहेब, तुम्ही लोक कायदा करता तो करता कसा?"

ते हसले. माणूस मोकळा होता. "ताई, खरं सांगू? अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. आम्ही म्हणतो होय. झाला कायदा. काही कायद्यांवर दिवस दिवस बोलणं होतं. काहींच्या वेळी गोंधळ असतो, कोणी फलक घेऊन समोर उभं असतं, कोणी घोषणा देत असतं. त्यातच चार-पाच विधेयकं निघतात. आपण कशाला होय म्हटलं ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचं."

"आणि मग?"

"मग खात्याचं काम. खातं खाली कळवतं. खालचे अजून खाली कळवतात."

"आमच्याकडे पत्रा कळवला," मी म्हणाले. पाऱ्याकडे बघत होते. एकशे साठ होतं. "बाकी कोणाला काही कळवलेलं दिसत नाही."

त्यांनी खिशात हात घातला. "थांबा, तुमच्या ठाण्यात फोन लावतो. लगेच काम होईल."

माझ्या डोक्यात एकदम तिडीक गेली. ज्या माणसाने होय म्हणून कायदे केले त्याचाच स्वतःच्या कायद्यावर विश्वास नव्हता. फोनवर होता. "फोन नको, साहेब," मी म्हणाले. "कायदा लावा." त्यांना ते फार आवडलं, बरोबरच्या माणसांना परत सांगून हसले. मी गोळी दिली, मीठ कमी करा म्हणाले. तेव्हा मला स्वतःचा मोठा अभिमान वाटला होता. आज वाटतं, लावू द्यायला हवा होता फोन.

माझी ऑर्डर संपत आली तसं दडपण वाढलं. धाकट्या भावाचा चुलता गावातलं वजनदार माणूस. तो दोनदा घरी येऊन बसून गेला. डॉक्टर पुढच्या शिक्षणाला निघाले होते, तेही म्हणायला लागले, ताई, मिटवा. नवरा जेवताना माझ्याकडे बघायचा नाही. आमच्याकडे बाईवर हात उचलला असेल तर मिटवायची रीत ठरलेली आहे. साडीचोळी करायची. चार माणसांसमोर ताटात साडी, खण, नारळ, हळदकुंकू घेऊन यायचं, बाईची ओटी भरायची, तिने ताट घेतलं की विषय संपला. कोर्टात काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध नाही. लोकांच्या लेखी फैसला तोच.

मी हो म्हणाले. थकले होते. शिवाय मनात एक होतं, की चार माणसांसमोर तो 'चुकलं' म्हणेल. कायद्याने नाही म्हणवलं तर रीतीने म्हणवून घेऊ.

ओपीडीच्या व्हरांड्यातच ठेवलं, भर दुपारी. चुलता, सरपंच, आठ-दहा गडी, बाकड्यावर बाया. पाठीत दगड घातलेली बाईही आली होती, पदर नीट घेऊन. धाकट्या भावाने जाड स्टीलचं ताट दोन्ही हातांत धरलं होतं. मनगटावर माझ्या दातांची खूण दिसत होती. चुलता म्हणाला, बोल. तो माझ्याकडे बघून बोलला.

"घ्या शिष्टर. लय भारीतली हाय साडी. डोक्यावरून पदर घेत जा, म्हंजी टाके दिसायचे न्हाईत कुनाला."

एक-दोघं हसले. चुलताही हसला. मी ताट घेतलं.

घेतलं आणि त्याच ताटाने त्याच्या तोंडावर हाणलं. नारळ उडून भिंतीवर फुटला. दुसऱ्यांदा ताटाची कड बसली आणि नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला. तो मला चांगला ओळखता येतो. कुंकू त्याच्या तोंडाभर झालं होतं, त्यातलं कुंकू किती आणि रक्त किती ते कळत नव्हतं. तो खाली बसला तरी मी मारत होते. "दोन तास देवळात कोणी बसवलं? बोल! कोणी बसवलं तुझ्या भावाला?" मी ओरडत होते. तिसऱ्या-चौथ्या घावाला त्याने हात वर केले आणि तो एवढंच म्हणाला, "मी बसवलं. मीच बसवलं वो." मग लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. मला ते ऐकू आलं. ऐकू येऊनही मी अजून एक मारला.

खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं. नंतर रात्रभर हात भरून आला होता तरी बरंच वाटत होतं.

माझ्यावरचा गुन्हा अर्ध्या तासात नोंदला गेला. जमादारांना कंपुटरात काही शोधावं लागलं नाही, मोबाइल काढावा लागला नाही. कलमं त्यांना तोंडपाठ होती. ताट जप्त झालं. ते ठाण्यात माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिष्टर, तुमच्या हातानं घालवलं सगळं."

पुढे सगळं सोपं झालं, म्हणजे वकिलांना सोपं झालं. दोन केसेस समोरासमोर आल्या की एकमेकींना खातात. माझ्यावर गुन्हा असेपर्यंत नवी ऑर्डर निघणार नव्हती, असं जिल्ह्याहून तोंडी सांगितलं गेलं. दुरुस्तीचा कागद अखेर आला होता. आपल्याच राज्याचा, आपल्याच विधानसभेचा कायदा, बरोबर क्रमांकासह आता त्या माणसावर लागला होता. सरकारी वकील म्हणाले, आता केस चांगली आहे, तुम्ही फक्त उभं राहून सांगायचं की यानेच मारलं. ही केस आपसात मिटवता येत नाही, असंही ते म्हणाले. आरोपीच्या वकिलांनी बाहेर चहाच्या टपरीवर मला वेगळं सांगितलं, मिटवता येत नाही, पण विसरता येतं. तो तुमच्या केसमध्ये विसरेल, तुम्ही त्याच्या केसमध्ये विसरा.

दोन्ही तारखा एकाच दिवशी लागल्या. आधी माझ्यावरच्या केसमध्ये तो साक्षीला पिंजऱ्यात गेला. नाक थोडं वाकडं बसलं होतं. म्हणाला, गर्दी होती, कोणी मारलं सांगता येत नाही. मग त्याच्या केसमध्ये मला बोलावलं. न्यायाधीश एक तरुण बाई होत्या. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, फार वेळ पाहिलं. त्यांना सगळं कळलेलं होतं आणि मी खरं बोलावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सगळा कायदा त्या क्षणी माझ्या एका वाक्यासाठी थांबला होता.

"ही जखम कशी झाली?"

"पडले होते, मॅडम."

"सात टाके पडले. पडून?"

"हो. व्हरांड्यात घसरून पडले."

टायपिस्टने ते टाइप केलं. सरकारी वकिलांनी मला फितूर जाहीर करायची परवानगी मागितली. तो शब्द माझ्यासाठी वापरला जात होता आणि मी खाली मान घालून उभी होते. विधिमंडळात जितके जण होय म्हणाले असतील त्या सगळ्यांचं मी एकटीने नाही करून टाकलं. तो निर्दोष सुटला. मीही सुटले.

ऑर्डर आठवड्यात निघाली, अकरा महिन्यांची. पहिल्याच सकाळी ओपीडीला एक बाई आली. पंचविशीची, जबडा सुजलेला, कानाच्या मागे बोटांचे वळ. नवरा दारात उभा होता. तोवरच्या नोकरीत अशी बाई आली की मी नवऱ्याला बाहेर घालवायचे, दार लोटून घ्यायचे आणि खरं बाहेर आल्याशिवाय तिला सोडायचे नाही. कितीतरी जणींना मी ठाण्यापर्यंत घेऊन गेले होते. कायदा तुझ्या बाजूने आहे, मी त्यांना सांगायचे.

"काय झालं?" मी विचारलं.

"पडले, शिष्टर," ती म्हणाली. "न्हाणीत घसरले."

मी पेन उचललं आणि केसपेपरवर लिहिलं, पडून दुखापत. दार उघडंच होतं.